सतरा माणकं

बेबीताईच्या चार चादरी दोरीवर गेल्या होत्या, दोन अजून बादलीतच होत्या, तेवढ्यात भावजय दारात येऊन उभी राहिली. एकमेकींना "आत ये" म्हणायची सवय दोघींची कधीच मोडली होती.

"वन्सं, हे तुमचं," म्हणत भावजयीने एक डबी पुढे केली. "शेवटच्या दिवसांत ह्यांनी बजावलं होतं, अप्पांचं घड्याळ बेबीला द्या. म्हणावं, नीट मोजून घे."

पाणीही न घेता ती जिना उतरून गेली.

अप्पा म्हणजे बेबीताईचे वडील. तारघरात नोकरी आणि स्वभाव थट्टेखोर. त्यांच्या मनगटी घड्याळाच्या तबकडीवर बारीक इंग्रजी अक्षरांत 'सतरा ज्युवेल्स' असं छापलेलं होतं. पोरांनी हात लावू नये म्हणून ते सांगायचे, "आत सतरा माणकं आहेत. एक जरी सांडलं तर तुमची लग्नं बिनदागिन्याची." दादा हसायचा. बेबीने मात्र ते खरंच धरलं. पुढे छापखान्यात तीस वर्षं तिने मुद्रितं तपासली, लोकांचे चुकलेले काने-मात्रे चुटकीसरशी पकडले, पण अप्पांचं हे एक वाक्य तपासून बघायचं तिला कधी सुचलं नाही.

अप्पा गेले, घड्याळ दादाकडे आलं. अकरा वर्षांपूर्वी, भाचीच्या लग्नात, बेबीताई हौसेने म्हणाली, "दादा, त्यातली दोन माणकं काढ, पोरीला कानातलं करू." दादाने सुरीच्या टोकाने मागचं झाकण उचकटलं. आत पितळी चाकं, स्प्रिंग आणि चिमूटभर धूळ.

"खडे कुठे गेले?"

"मला काय ठाऊक? मीही अप्पांच्याच भरवशावर होतो."

"घड्याळ तुझ्याकडे, आणि ठाऊक मला असायला हवं?"

शब्दाने शब्द वाढला. भरल्या लग्नघरात, चारचौघांदेखत, तिने दादाला चोर म्हटलं. त्यानंतर ती त्याच्या घराची पायरी चढली नाही. रोज देवापुढे हात जोडून सगळ्यांचं भलं मागायची, दादाचं नाव ओठांवर आलं की पुढच्या नावावर जायची. गेल्या महिन्यात त्याच्या अंत्यविधीला सगळ्यांच्या मागे उभी राहिली आणि तशीच परतली.

डबीच्या तळाशी एका दुकानाची चिठ्ठी होती. तो पत्ता विचारत विचारत ती गेली.

जिन्याखालच्या कोनाड्याएवढ्या दुकानात म्हातारा घड्याळजी बसला होता. त्याने झाकण उघडलं, आतल्या बाजूला कोरलेली बारीक खूण पाहिली. "हे माझ्या हाताखालून गेलंय. कंपनी चांगली, पासष्टेक वर्षांचं असेल. पण तबकडी पुन्हा रंगवलेली, काटे दुसऱ्याच घड्याळाचे. हौशी माणूससुद्धा फार देणार नाही."

"आणि माणकं? ती कुणी काढली?"

घड्याळजीने भिंग तिच्या हातात दिलं. "चाकाच्या आसापाशी बघा."

खसखशीच्या दाण्याएवढा लाल ठिपका चमकला.

"कारखान्यात बनवलेले खडे हो. आस झिजू नयेत म्हणून बसवतात. याचं कानातलं केलंत तर बघणाऱ्याला दुर्बीण द्यावी लागेल."

ती हसली नाही. त्याने यंत्र सुटं करून, उलटंपालटं करून दाखवलं. एकेका ठिपक्यावर थांबत तिने मोजलं. सतरा भरले.

"एक गृहस्थ असेच मोजून गेले होते," घड्याळजी म्हणाला. "दहा वर्षं झाली. तासभर बसले. म्हणाले, धाकटी बहीण रुसलीय, तिला आणून दाखवायचंय. मी म्हटलं, जाऊन सांगा की. तर म्हणाले, माझ्या तोंडचं तिला पटायचं नाही, तिने डोळ्यांनी बघायला हवं. तिची हाक आली की घेऊन येतो. पुन्हा काही दिसले नाहीत."

"मी हाक मारली नाही," बेबीताई म्हणाली.

घड्याळजीने झाकण बसवून घड्याळ फडक्याने पुसलं. "विकायचंय का?"

"नाही."

रस्ता ओलांडून ती पलीकडच्या बसथांब्यावर उभी राहिली. भावजयीकडे जायचं होतं, आणि भाचीलाही तिथे बोलावून घ्यायचं होतं. दादाला चोर म्हटलं होतं ते तिच्याच लग्नात.