उलट्या आट्यांची रिंग

माझं खांद्याजवळचं हाड मोडलं ते मला सायकल चालवता येत नव्हती म्हणून नाही. हे मी आजही ठासून सांगते, कारण त्या वर्षी आमच्या टेमघरात जो तो तेच म्हणत होता.

मी अकरावीत होते. ट्रॅकवरच्या शर्यतीची निवड चाचणी पंधरा दिवसांवर आली होती. त्या सायकलीला ब्रेक नसतात आणि मागच्या चाकाला फ्रीव्हीलही नसतं. दातेरी स्प्रॉकेट थेट चाकावर आवळलेलं असतं, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पेडलं फिरतातच. वेग कमी करायचा तर पाय मागे रेटायचे. सरावाच्या शिबिरातल्या एका ताईनं मला आपलं जुनं चाक दिलं होतं. सोबत सुटं स्प्रॉकेट आणि ते निघू नये म्हणून त्याच्यावर आवळायची एक रिंग.

मी हे सगळं कामतघरच्या सायकल मिस्त्रींकडे नेलं. त्यांनी स्प्रॉकेट नीट घट्ट बसवलं. रिंग मात्र लागेना. दोनतीनदा फिरवून त्यांनी ती खिळ्यामोळ्यांच्या डब्यात टाकली.

"आटे गेलेत हिचे. फालतू आहे."

"काका, ताईच्या चाकाला होती ती. तिच्याशिवाय स्प्रॉकेट सुटेल."

"मी तुझ्या जन्माच्या आधीपासून चाकं बसवतोय. काही शंका असेल तर बाबांना पाठव."

मी रिंग तिथेच सोडून चाक घेऊन आले. त्याचा राग आजही येतो, आणि तो आधी माझाच येतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पडघ्याकडच्या गोदामांच्या रस्त्यावर मी जोरात येत होते. पुढे वळण दिसलं म्हणून पाय मागे रेटले. खटकन आवाज झाला, पायाखालचा जोर एकदम नाहीसा झाला आणि चेन उडाली. स्प्रॉकेट आपल्या आट्यांवरून उलटं फिरून सुटलं होतं. थांबवायला काहीच उरलं नाही. मी वळणावरच्या खडीत जाऊन आदळले.

हात गळ्यात बांधून घरी आले तर भेटायला आलेले माझे चुलते आईला म्हणाले, "पोरीच्या जातीला ह्या सायकली पळवायच्या कशाला? तिला झेपत न्हाय, दुसरं काय हाय?" चाकाचं काय झालं, हे एकानंही विचारलं नाही.

आठवडाभरानं मी बाबांना आणि ते चाक घेऊन मिस्त्रींकडे गेले. बाबा लूमवर जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. मिस्त्री माझ्याकडे न बघता त्यांनाच सांगायला लागले, "घाबरली असेल हो. मुली घाबरल्या की तोल जातो."

"मी घाबरले नव्हते," मी म्हणाले. "रिंग काढा डब्यातून."

त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "काढा ना."

"आता लावा. उजवीकडे नाही, डावीकडे फिरवा."

रिंग अशी सरसर बसली की मला रडू फुटायचं बाकी राहिलं. तिचे आटे मुद्दाम उलटे केलेले असतात, हे पडल्यावर मी ताईला विचारून घेतलं होतं. स्प्रॉकेट सुटायला लागलं की ते रिंगला आणखी आवळतं.

"डाव्या पेडलचे आटे कसे असतात, काका?"

"उलटे," ते म्हणाले आणि हसले. "आयला, हे डोक्यातच नाही आलं बघ."

एवढंच. रोज दहा पेडलं बसवणाऱ्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, बाबा आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "चल, उशीर होतोय." वाटेत मी त्यांच्या पुढे पुढे चालत राहिले. घराजवळ आल्यावर तेच म्हणाले, "मी बोलायला हवं होतं."

"हो," मी म्हणाले.

हात गळ्यात असतानाच चाचणी होऊन गेली. बाबांनी कारखान्यात लोखंडी पट्टी वाकवून रिंगच्या खाचेत अडकेल असा पाना केला. जुन्या चेनचा तुकडा दांड्याला ठोकून स्प्रॉकेट आवळायचं हत्यारही केलं. मी आटे पुसायला, ग्रीस लावायला, स्प्रॉकेट आधी हातानं आणि मग दांड्यावर वजन टाकून आवळायला शिकले. शेवटी रिंग, डावीकडे. हात बरा झाल्यावर पहिल्याच दिवशी गोदामांच्या त्याच वळणावर पाय मागे रेटले. चाक मुकाट थांबलं.

पुढच्या वर्षी मी चाचणीत पाचवी आले. निवड चौघींचीच होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या चौघी माझ्याहून वेगवान होत्या.