ओट्यावरचे बूट

मामंजींचा चेहरा मी पुष्कळ उशिरा पाहिला, पण त्यांचे बूट मात्र लग्न होऊन कल्याणहून ठाण्याला आले त्याच दिवशी ऐकले. नव्या सुनेची मान खाली, तेव्हा दुसरं काय कळणार? करकर करत ते आळीच्या तोंडाशी आले की ओट्यावर रेंगाळणारी माणसं सावरून बसत आणि आम्ही बायका माजघरात पळत असू. तांबूस कातड्याचे, नाडीचे, घोट्याच्या वर चढणारे साहेबी बूट. धोतराखाली ते कसे दिसत हे विचारूच नये.

मामंजी वकील. तरुणपणी एकदा साहेबाच्या कचेरीत कामाला गेले, तर पट्टेवाल्याने दाराशीच त्यांचे नवेकोरे पुणेरी जोडे काढायला लावले. देशी जोडा बाहेर, विलायती बूट मात्र आत चालत, असा तेव्हा दंडकच होता. त्यांच्यामागून आलेले एक पारशी वकील बुटांसकट आत गेले आणि मामंजी थंडगार फरशीवर अनवाणी उभे राहिले. साहेब त्यांच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघून बोलला म्हणे. त्यानंतर लगेच मुंबईहून बूट आणि मोजे आले. "जोडे काढायचे ते देवापुढे," मामंजी म्हणत, "आणि साहेब काही देव नव्हे." हे वाक्य घरात इतक्यांदा झालं होतं की आमचे दीर पाठीमागे त्याची हुबेहूब नक्कल करत.

घरात मात्र त्या बुटांना थारा नव्हता. सासूबाईंचं सोवळं कडक. कचेरीतून आले की बूट ओट्याच्या कोपऱ्यात उतरायचे, आणि मामंजी विहिरीवर अंघोळीला गेले की सासूबाई उंबऱ्याच्या आतूनच त्यांच्यावर पळीने गोमूत्र शिंपडायच्या. कातड्यावर पांढरे डाग उमटत. मामंजी अंघोळ होऊन आले की खोबरेल आणि फडकं घेऊन डाग पुसत बसत, आणि पुन्हा हात धुवायला जात.

"अर्धी बुधली त्या मढ्यांच्या घशात!" सासूबाई आतून म्हणत. "माझ्या केसांना थेंब उरत नाही."

"तुझे केस काही कचेरीत यायचे नाहीत," असं उत्तर बाहेरून येई.

पुढे पुढे बूट म्हातारे झाले. आधी करकर गेली. मग मामंजी कधी दाराशी येऊन उभे राहिले ते कळेना, आणि आमची फार तारांबळ उडू लागली. कोपरीच्या मिठागरांचे दावे त्यांच्याकडे पुष्कळ, ते बांध तुडवून तुडवून टाचा झिजल्या. खाऱ्या चिखलाने शिवणी कुजल्या. तळ किती वेळा बदलले कोण जाणे. उजव्या करंगळीला कुरूप होतं, त्या जागी कातड्यालाही उंचवटा आला. नाड्या तुटल्यावर दप्तराची लाल फीत ओवली गेली. नवे घ्या म्हटलं की म्हणत, "यांना माझे पाय ठाऊक झालेत. नव्यांना कोण शिकवत बसणार?"

त्यांचा शेवटचा दावा कोपरीचाच. खाडीकाठचा जुना बांध सरकारजमा व्हायची वेळ आली होती. तो गेला तर तिथल्या आगऱ्यांची मिठागरं गेली. साहेबापुढे उभं राहायचं त्या सकाळी मामंजी ओट्यावरून उतरले आणि उजव्या बुटाचा तळ टाचेपर्यंत सुटला. मोची लग्नासाठी गावी गेलेला. मामंजी मटकन पायरीवर बसले.

त्यांना न्यायला आलेला धाकल्या आगरी म्हणाला, "आमी त जल्मभर अनवानीच हाव, वकीलसायब. चला तसंच."

"तू हो पुढे," मामंजी म्हणाले. "माझ्याने नाही व्हायचं." त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मला रडू आलं.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. सोवळ्यातच होत्या. हातात गोधडीचं दाभण आणि सुतळी. त्या ओट्यावर बसल्या, बूट उचलून मांडीवर घेतला आणि तळ शिवू लागल्या. आम्ही बघतच राहिलो.

"बघता काय?" मान वर न करता त्या म्हणाल्या. "जायचंच नव्हतं तर इतकी वर्षं मी गोमूत्र कशाला शिंपडलं?"

मामंजी बूट चढवून गेले. बांध राहिला. संध्याकाळी बुटांवर नेहमीप्रमाणे गोमूत्र पडलं.

पुढच्याच हिवाळ्यात मामंजी गेले. बाराव्याला दानं मांडली. वरची वाट चालायला म्हणून छत्री, काठी आणि माझ्या यजमानांनी बाजारातून आणलेले नवे पुणेरी जोडे. भटजी संकल्प सांगणार, तोच कोपऱ्यात बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "जोडे नकोत. बूट द्या."

भटजी चपापले. "वहिनी, दानाला नवी वस्तू लागते. आणि हे तर..."

"तिथल्या दाराशीही पट्टेवाला असला तर?" सासूबाई म्हणाल्या. "देवापुढे ते आपणहून काढतील. पण दाराशी कुणी त्यांना काढायला लावता कामा नये."

भटजींनी उपरणं पसरलं. मी ओट्यावर गेले, बूट उचलले आणि उंबरा ओलांडून घरात आणले.