अक्कांचा गुडघा

अक्कांनी उभ्या जन्मात कुठल्या आजारी माणसाला ‘कशी आहे तब्येत?’ असं विचारलं नाही. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांकडे घरी जाऊन त्यांचं दुखलंखुपलं बघणारी संस्था ह्यांनीच काढलेली, आणि चौकशी म्हणून करायची नाही! उंबऱ्याबाहेर चपला काढता काढताच सुरुवात व्हायची : “अगो बाई, काय हा मेला गुडघा! तुझी घाटी चढून जीव गेला माझा.” झालं! पलंगावर निपचित पडलेली म्हातारी उठून बसायची, एरंडेल कोमट करून चोळ म्हणायची, हाताला धरून अक्कांना खुर्चीत बसवायची. तेवढ्यात अक्का तिचं बीपी मोजून मोकळ्या झालेल्या असायच्या.

मी एकदा न राहवून विचारलं, “अक्का, गुडघा खरंच दुखतो का हो?”

“दुखतो की. कामापुरता.” आणि मग जरा समजावणीच्या सुरात, “आजाऱ्याला त्याची तब्येत विचारू नये गो. दिवसभर तो बिचारा तीच घेऊन बसलेला असतो. आपली सांगावी. त्यालाही कुणाची तरी काळजी करायला मिळू दे.”

आमच्या रत्नागिरीत अशा घरांना तोटा नाही. मुलगे मुंबईला, नाहीतर बोटीवर, आणि मागे चार कलमं, एक विहीर आणि एक म्हातारं माणूस. अक्का सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या आणि घरोघर जायला लागल्या. पुढे शबाना आली, मी आले. संस्था म्हणजे अक्कांची पुढची खोली, आणि बाकी सगळं अक्कांच्या डोक्यात. कुणाला कुठली गोळी सोसत नाही, कुणाच्या सुनेला फोन करायचा नाही, कुणाचा कुत्रा चावतो, काहीही विचारा. सांगायच्या, आणि वर ठरलेलं वाक्य : “मी नसल्ये तर काय कराल गो तुम्ही?” हे म्हणताना स्वारी मनातून अगदी खूश असायची.

देणगी द्यायला येणारे लोक चाकाची खुर्ची द्यायचे. खुर्चीवर नाव घालता येतं, फोटो निघतो. आमच्याकडे इतक्या खुर्च्या साठल्या, की आम्ही त्यांत बसूनच चहा प्यायचो. मग मुंबईच्या एका संस्थेच्या मॅडम आल्या. त्यांचं अनुदान निराळंच. खुर्च्यांना नाही, औषधांना नाही. आमचे पगार, आमचं शिक्षण, कामाला नीट घडी बसवणं, ह्यासाठी पैसे. अक्का उसळल्या. “म्हणजे म्हाताऱ्यांना काही नाही, नि टॉनिक आपल्याला?”

मॅडम वयाने लहान, पण बिलकुल डगमगल्या नाहीत. म्हणाल्या, “अक्का, तुम्ही नसलात तर ह्या काय करतील?”

अक्कांचं रोजचं वाक्य, पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. चहात त्यांनी दुसऱ्यांदा साखर घातली. मॅडमची अट होती : वर्षभर अक्कांनी आम्हाला शिकवायचं, आणि मग महिनाभर कामाकडे फिरकायचंसुद्धा नाही. काम चाललं तर मदत पुढे चालू. त्या गेल्यावर अक्का मला म्हणाल्या, “बरोबर बोलली गो ती. माझ्यामागे हे बंदच पडायचं असेल, तर मी इतकी वर्षं नुसती हौस केली म्हणायची.” त्यांचा एवढासा झालेला चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

वर्षभर त्यांनी आम्हाला पिदडलं, आणि मग बहिणीकडे मंडणगडला निघाल्या. एसटी हलली तरी खिडकीतून सूचना चालूच. दुसऱ्याच दिवशी फोन! “सहज केला हो. इथे छान गारवा आहे. तांडेलांचं ड्रेसिंग बदललंत?”

“अक्का, फोन ठेवा.”

“ठेवत्ये, ठेवत्ये.”

आणि नेमके तांडेलच अडले. गणपतीपुळ्याच्या अलीकडे राहणारे हे आजोबा. आयुष्य बोटीवर काढलेलं, आता घरात एकटे. मधुमेहाने पायाची जखम चिघळलेली, आणि ड्रेसिंग चुकलं तर पाय जाईल असं डॉक्टरांनी बजावलेलं. आम्हाला बघून त्यांनी आतून कडी घातली. “अक्का कुठं हाय? ती आली की उघडीन. तुम्ही जावा.” दुसऱ्या दिवशीही तेच. माझं धाबं दणाणलं. अट गेली खड्ड्यात म्हटलं, आणि अंगणातूनच अक्कांना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मी आल्ये तर त्याचा पाय वाचेल, पण तुम्ही लंगड्याच राहाल. मी येत नाही. काय ते तुम्ही बघा.” आणि फोन ठेवला. बहिणीने नंतर सांगितलं, की अक्का पिशवी भरून स्टँडवर गेल्या होत्या. रत्नागिरीची गाडी समोरून जाऊ दिली, आणि पालेभाजी घेऊन परत आल्या.

इकडे मी दार बडवून बडवून रडकुंडीला आले. शबाना मात्र पायरीवर बसली आणि गाल धरून मोठ्याने म्हणाली, “या अल्ला, ही दाढ! जीव घेणार माझा.”

आत खोकला झाला. “कंची दाढ?”

“खालची, मागची.”

“लवंग धर.”

“इथे उन्हात कुठली लवंग, आजोबा?”

कडी निघाली. तांडेल लवंग घेऊन दारात उभे! शबानाने ती दाढेखाली धरली आणि बोलता बोलता त्यांच्या पायाची पट्टी सोडली. पुढे रोज ते आधी दाढेची चौकशी करायचे, मग पाय पुढे करायचे. दाढ खरोखरच किडलेली होती, पण त्यांची जखम भरेपर्यंत ह्या बयेने ती काढली नाही.

महिना संपला, अनुदान चालू राहिलं, अक्का परत आल्या. आठवडाभर पुढच्या खोलीत बसून राहिल्या, आणि कुणाला त्यांना काही विचारायची गरज पडली नाही. मग एक दिवस खोलीच्या किल्ल्या आमच्या हातात देऊन म्हणाल्या, “मी मंडणगडलाच राहत्ये आता. इथे असल्ये तर लुडबुड केल्याशिवाय राहायची नाही.” आम्ही दोघी ढसाढसा रडलो. अक्का नाही रडल्या. बोंबलाची चटणी कुणाला पचत नाही, तेवढं सांगून गाडीत बसल्या.

पुढे शबानाने मंडणगडलाही काम सुरू केलं, तिथल्या मुली तयार केल्या. अक्का तिकडे चुकूनही फिरकल्या नाहीत. गेल्या महिन्यात बहिणीचा फोन आला, की अक्का अंगणात घसरल्या, पाय प्लास्टरमध्ये आहे. मी तिथल्या मुलींना नुसता पत्ता कळवला आणि पिशवी भरायला घेतली. तेवढ्यात खुद्द अक्कांचाच फोन.

“अगो, तुमची एक पोर आली होती सकाळी! दारातच म्हणत्ये कशी, ‘आजी, पाठ धरल्ये हो माझी, तुमच्या चढणीने जीव काढलान.’ मी तिला शेक घे म्हटलं, ओवा कुठला घालायचा ते सांगत बसल्ये, नि तेवढ्यात तिने माझं बीपी मोजलंन सुद्धा!”

“मग? तुम्ही कोण ते सांगितलंत की नाही तिला?”

“छे गो! तिला मी कोण ते ठाऊकच नाही!” असं म्हणून अक्का इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की आपला पाय मोडलाय हे मला सांगायचं त्या विसरूनच गेल्या.