तात्याचं ‘व्हाय-व्हाय’

आमच्या चाकणच्या कंपनीच्या बसमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत. मोशीला तात्या चढला की तेही चढतात! तात्या क्वालिटीत आहे. पार्ट बिघडला की मूळ सापडेपर्यंत ‘का? का?’ विचारत बसायचं, हे त्याचं काम; कंपनीत त्याला ‘व्हाय-व्हाय’ म्हणतात. वडील गेले आणि पाठोपाठ आईला चक्कर यायला लागली, तेव्हा त्यानं फोनमधल्या एआयलाही तसंच धरलं.

*

पहिल्याच दिवशी एआयनं चक्कर येण्याची इतकी कारणं दिली, की ऐकून निम्म्या बसला गरगरायला लागलं! मी म्हटलं, "राव, मग औषध कुठलं आणायचं?"

तात्या भडकला. "गेज फक्त माप दाखवतो. पास-रिजेक्ट इन्स्पेक्टर करतो! औषध मॅडमच देणार."

*

मॅडम म्हणजे मोशीतल्या त्यांच्या डॉक्टर. एकदा मीही सोबत गेलो होतो. बाहेर ही गर्दी, आणि आत तात्याचं ‘का?’ सुरू! मला वाटलं, आता हाकलतात.

मॅडम हसल्या. "विचारा हो! फक्त घरून निदान करून आणू नका, प्रश्न आणा."

अशी डॉक्टर मिळायला नशीब लागतं. बीपी खाली जातंय म्हणून त्यांनी तात्याच्या आईची, म्हणजे आजींची, बीपीची गोळी कमी केली.

*

तरी आजी न्हाणीत पडल्याच. थोडक्यात बचावल्या. त्या दिवशी बसमध्ये कुणी चेष्टा केली नाही. तात्या एवढंच म्हणाला, "भावा, नळावर डोकं आपटलं असतं तर?"

*

पण गडी हटणारा नाही. गोळी कमी करूनही चक्कर का, म्हणून त्यानं पुन्हा एआयला विचारलं. उत्तर आलं, ‘घरात आणखी कुणाची औषधं आहेत का? सगळी डॉक्टरांना दाखवा. स्वतःहून काही बंद करू नका.’

तात्यानं औषधांचं अख्खं कपाट पिशवीत भरलं, आजींना सोबत घेतलं आणि सगळं मॅडमच्या टेबलावर ओतलं. त्यात वडिलांच्या बीपीच्या गोळ्या निघाल्या. माणूस जाऊन दोन महिने झालेले, आणि स्ट्रिप ताजी फोडलेली!

मॅडमनी हळूच विचारलं, "आजी, आणखी कुठल्या गोळ्या घेता का, असं मी विचारलं होतं ना? तुम्ही नाही म्हणालात."

आजींनी पदर सावरला. "माझ्या कुठं हायेत त्या? मालकांच्या हायेत. त्यांच्या गोळीची येळ झाली की हात जातोच डब्याकडं. मग काढलेली गोळी परत कशी ठिवू?"