पाचवर ठेवलेला फ्रिज

"फ्रिज बी असा आणला बाप्पा, का उद्या पळून जाची वेळ आली त एका हातानं उचलून नेता येते!"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. आमच्या काकू, म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, मागच्या अंगणात सासूबाईंसोबत कुरड्या वाळत घालत होत्या. मी आत चहा गाळत होते आणि मधल्या खिडकीला पडदा नव्हता. सासूबाई हसल्या. खरं सांगायचं तर मीही हसले, थोडा चहा सांडला.

तेव्हापासून ह्या फ्रिजचे किस्से साचत गेले. नव्या घरात कमी बोलणाऱ्या सुनेचा एक फायदा असतो. ती खोलीत आहे हे लोक विसरून जातात.

आधी फ्रिजबद्दल. मला शाळेत असल्यापासून शुगर आहे, रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. न उघडलेल्या बाटल्या दोन ते आठ डिग्रीत राहायला हव्यात. तापल्या तर औषध हळूहळू कमजोर होतं, आणि एकदा गोठलं की सरळ वाया. आमचं गाव मारेगावच्या पुढे. उन्हाळ्यात इथे लाइन जाते ती कधी येईल ते लाइनमनलाही माहीत नसतं. म्हणून लग्नाआधी यवतमाळला शाळेत शिकवून साठवलेल्या पगारातून मी हा पेटीएवढा फ्रिज घेतला. घरच्या लाइनवर चालतो, इन्व्हर्टरवर चालतो, गाडीतही चालतो. आकडा पाचवर लावला. पाच बरा, चुकून थोडं वर-खाली झालं तरी दोन्ही बाजूंना जागा उरते.

शुगरचं लग्नाआधीच सांगितलं होतं. नवऱ्याला, सासूबाईंना, सासऱ्यांना. सासूबाईंनी एकच अट घातली. "बाहेर लोकांले कायले सांगाचं? एकाचे चार करून सांगतात." मी मान डोलावली. त्या वेळी अट लहानशी वाटली होती.

* * *

घरातल्या मोठ्या फ्रिजला आत एक गोल बटण आहे, त्यावर एक ते सात आकडे. हिवाळ्यात दोन, उन्हाळ्यात सात. होळी झाली, कूलर माळ्यावरून उतरला, की त्याच दिवशी सासूबाई ते बटण फिरवतात. ह्या वर्षी त्यांनी माझ्या फ्रिजवरही लक्ष ठेवलं.

"पाचवर होता वं तुहा फ्रिज. एवढ्या उन्हात पाचनं काय होते? मी वीस केला. त्याच्या वर जातच नाही तो."

"आई, ह्याच्यात आकडा वाढवला की आत गरम होतं."

"फ्रिज गरम होते?" त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनंच पाहिलं.

मी पाचवर आणायची, दुपारी झोपून उठेपर्यंत तो पुन्हा वीसवर. इन्सुलिन थोड्या वेळात बिघडत नाही, म्हणून मी शांत होते. पण सासूबाईंनी हौसेनं आत ठेवलेलं ताक मात्र पार आंबलं. खापर दूधवाल्यावर फुटलं.

"म्हैस बदलली काय रे तू?"

"नाही ना काकू. तेच म्हैस आहे. दाखवाले आणू काय?"

शेवटी मी मोबाइलवर हवामान काढून दाखवलं. "आई, आज बाहेर त्रेचाळीस आहे. आकडा मोठा म्हणजे गार, तर मग बाहेर किती गार असायला पाहिजे?"

त्यांनी अंगणाकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, बराच विचार केला. मग म्हणाल्या, "ते उन्हाचे त्रेचाळीस आहे. फ्रिजचं येगळं असते."

* * *

माझा नवरा, प्रवीण, सगळी माहितीपत्रकं पहिल्या पानापासून वाचतो. ह्या फ्रिजचंही वाचलं आणि जेवताना सासऱ्यांना समजावून सांगायला बसला.

"बाबा, ह्याच्यात दोन बटणं आहेत. इको आणि मॅक्स."

"मॅक्स ठेव. जास्त थंड होईन."

"नाही ना. मॅक्सनं जास्त थंड नाही होत, लवकर थंड होते. इकोनं सावकाश होते, लाइट कमी खाते. शेवटी पाच म्हणजे पाचच."

सासरे घास चावत राहिले. कापूस विकायला ते वर्षानुवर्षं भाड्याच्या गाडीनं जिनिंगच्या कारखान्यावर जातात. "समजलं," ते म्हणाले. "दोन ड्रायव्हर. एक दाबून हाणते, एक दमानं घेते. उतराचं एकाच जिनिंगवर."

इतकं नेमकं मला वर्गात कधी समजावता आलं नव्हतं. प्रवीणचं तोंड मात्र पडलं. त्याची अजून सात पानं बाकी होती.

* * *

पांढरकवड्याला नात्यातलं लग्न होतं. दिवसभराचं काम, म्हणून फ्रिज गाडीत घेतला. मागच्या सीटवर बसलेल्या प्रवीणच्या मावसभावांना माझं औषध दिसू नये म्हणून सासूबाईंनी फ्रिजच्या आत त्यावर पाण्याच्या बाटल्या रचल्या.

गाडी बंद असताना फ्रिजनं तिची बॅटरी किती ओढायची, त्याचीही एक सेटिंग असते. गाडीला जपणारी ठेवली तर वेळ आली की फ्रिज बंद पडतो. फ्रिजला जपणारी ठेवली तर गाडी. प्रवीणनं पहिली लावली होती. मांडवात पोचल्यावर "पाणी गरम नाही झालं पाहिजे" म्हणून सासऱ्यांनी गुपचूप दुसरी लावली आणि लग्नघरच्या व्याह्यांना हाताला धरून दाखवायला आणलं. "गाडीत फ्रिज आहे आपल्या. सूनबाईचा."

संध्याकाळी निघताना गाडीनं एक खोकला काढला आणि गप्प झाली. नवरीकडचे, नवऱ्याकडचे, वाजंत्रीवाले, सगळे धक्का मारायला लागले. सासरे स्टिअरिंगवर. फेटा बांधलेला एक माणूस घामाघूम होऊन खिडकीशी आला.

"काय झालं हो, पाटील?"

"बॅटरी गेली." सासऱ्यांनी मागे हात घालून त्याला बाटली दिली. "पण पाणी पाहा कसं आहे."

* * *

घरातलं गुपित ठेवायचं तर फ्रिजचं झाकण बंद ठेवावं लागतं. काकूंना कोणतंच झाकण बंद पाहवत नाही. एकदा कोथिंबीर ठेवायला म्हणून त्यांनी ते उघडलं.

"हे काय वं बाई? बाटल्या कायच्या?"

मी भाकरी थापत होते. सासूबाई माझ्याआधी बोलल्या. "ते काय, गाईचं औषध आहे. डॉक्टरनं ठेवाले सांगतलं."

आमच्या गोठ्यात गाय आहे, धडधाकट आहे. तिला काही झालेलं नाही. मी भाकरी उलटली.

दोन-चार दिवसांनी काकू सकाळीच दारात. "आमची कपिला कालपासून चारा खाऊन नाही राह्यली. तुमच्यातली एक बाटली देजा बरं. सुई टोचाले मी बोलावतो कोणाले तरी."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. गाईला इन्सुलिन टोचलं तर काय होईल, ह्याचा मी पहिल्यांदाच विचार करत होते.

"ते औषध गाभण गाईचं आहे," सासूबाई म्हणाल्या.

"आमची गाभणच आहे ना."

"पहिल्या येताची लागते, पहिलारू."

काकू परत गेल्या. सासूबाई ओट्यावर टेकल्या, पदरानं मानेचा घाम पुसला आणि मला म्हणाल्या, "कपिलाचं तिसरं आहे. मले आठवलं म्हणून बरं."

त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही. आज एक बाटली वाचली होती. पण माझ्याच घरात माझं औषध गाईचं झालं होतं, आणि उद्या कोणी ते खरंच गाईचं समजून वापरलं किंवा फेकलं तर मला काही बोलता येणार नव्हतं.

* * *

मे महिन्यात नणंद आणि जावईबापू रसाच्या जेवणाला आले. आमच्याकडे उन्हाळ्यात जावयाला रस खायला बोलावतात, आणि त्या दिवशी जावई म्हणेल ती पूर्व दिशा. जावईबापू माणूस चांगला. फक्त त्यांना हात रिकामा ठेवता येत नाही. सकाळी आल्या आल्या त्यांनी माझा फ्रिज पाहिला, रसाचा स्टीलचा डबा आत ठेवला आणि आकडा खाली खाली नेत उणे दहावर सोडला. मी चुलीवर कुरड्या तळत होते. मला कोणी सांगितलं नाही. सासूबाईंनी पाहिलं होतं, पण जावयाला नको कसं म्हणायचं?

पंगत बसली. काकूही होत्या. डबा उघडला तर रसाचा दगड झालेला, चमचा टेकवला की टण्ण आवाज.

"पाहा, कुल्फी!" जावईबापू खूश.

मी फ्रिजमध्ये हात घातला. बाटली काढली, आडवी केली, उलटी केली. आत काहीच हललं नाही. दुसरीही तशीच. आणि वापरातली बाटली सकाळच्या डोसनंतर संपली होती, जेवणाआधीचा डोस कशातून घेणार?

"वहिनी, काय आहे ते?" जावईबापूंनी विचारलं.

"काही नाही," सासूबाई घाईनं म्हणाल्या. "गाईचं आहे. तुम्ही जेवा, जवाईबापू."

"गाईच्या औषधापायी जवायाचं ताट थांबते काय?" काकू म्हणाल्या. "फेकून दे वं ते."

प्रवीण बोलायला उठला. मी त्याच्याकडे पाहिलं, तो बसला. मी ती बाटली जावईबापूंच्या ताटाशेजारी, मिठाच्या बाजूला उभी ठेवली.

"काकू, हे गाईचं नाही, माझं आहे. मला लहानपणापासून शुगर आहे. हे इन्सुलिन मी रोज पोटात टोचते, म्हणून तुमच्यासमोर उभी आहे. गोठलं म्हणजे गेलं, आता ह्याचा काही उपयोग नाही. जावईबापू, तुम्हाला माहीत नव्हतं, तुमचा राग नाही. पण आजपासून ह्या फ्रिजचा आकडा माझ्याशिवाय कोणी बदलायचा नाही. आई, तुम्हीसुद्धा नाही. कोणी विचारलं तर खरं सांगायचं, मला त्याची लाज नाही. प्रवीण, गाडी काढा, मेडिकल उघडं आहे तोवर जाऊन येऊ. आणि रस वितळला की माझी वाटी बाजूला काढून ठेवा. मी येऊन जेवणार आहे."