भाऊंच्या तत्त्वांचा पेपर

मागच्या विधानसभेला आमच्या संस्थेचे अध्यक्ष उभे राहिले आणि मी त्यांची तत्त्वं तपासली. तपासली म्हणजे अक्षरशः तपासली, लाल पेनाने, गुण देऊन. यात माझं शौर्य काडीचं नाही. पण आमच्या तालुक्यात अजूनही तसंच सांगतात. टपरीवर कोणी अनोळखी माणूस मला बघून 'हेच ते सर, भाऊंना नापास करणारे' म्हणाला, की हातातला चहा तसाच ठेवून उठावंसं वाटतं.

आधी माझी हकीकत सांगतो. गिरणाकाठच्या एका शाळेत मी चौदा वर्षं मराठी शिकवत होतो, विनाअनुदानित तुकडीवर. हा शब्द ज्यांना माहीत नाही ते सुखी लोक. काम पूर्ण मास्तराचं आणि पगार म्हणजे संस्था हातावर ठेवील तो प्रसाद. सासुरवाडीला 'जावई सर आहेत' म्हणून सांगायचं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जावयाने मेहुण्याच्या कृषी केंद्रात बियाण्याच्या पिशव्या मोजायच्या. त्या वर्षी आमचे एक जुने सर निवृत्त झाले आणि भाषेची एक, फक्त एक, सरकारी पगाराची अनुदानित जागा रिकामी झाली. तिथे नाव कोणाचं पाठवायचं ते अध्यक्षांच्या हातात. अध्यक्षांना बठ्ठा, म्हणजे सगळा, तालुका भाऊ म्हणतो.

जागा मला हवी होती. पण हक्क माझा नव्हता, हेही आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे नंतर घोळ नको. ज्येष्ठता यादीत माझ्या वर हिंदीच्या मॅडम होत्या, माझ्या आधी तीन वर्षं लागलेल्या. माहेर फैजपूरकडचं, बोलणं तिखट, रोज दोन एसट्या बदलून यायच्या आणि तरी प्रार्थनेला माझ्या आधी उभ्या. स्टाफरूममध्ये आम्हा दोघांत एकच टेबल. मी नेहमी म्हणायचो, "मॅडम, आधी तुमचं होऊ द्या, मग माझं." जागाच नव्हती तेव्हा असं म्हणायला माझं काय जात होतं? जागा निघाली त्या दिवशीही म्हणालो, फक्त आवाज जरा बारीक आला. त्या हसल्या. म्हणाल्या, "बघू सर, भाऊंच्या मनात काय आहे ते."

भाऊंच्या मनात तेव्हा फक्त विधानसभा होती. आणि आमच्या संस्थेत निवडणूक म्हणजे शिक्षकांना एक जादा विषय. पीटीच्या सरांकडे मिरवणूक, चित्रकलेच्या सरांकडे फलक, भूगोलाच्या सरांकडे वाड्या-वस्त्यांचे रस्ते, आणि मराठी माझं, म्हणून भाषणं माझ्याकडे. नियम वगैरे विचारू नका. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतो?

त्यातच बाजारपेठेतल्या व्यापारी मंडळाने एक नवं खूळ काढलं. मंडळाचे प्रमुख कापडवाले शेठजी, राजस्थानातून आलेल्या घरातले, बोलायला गोड आणि हिशेबाला कडक. ते म्हणाले, रस्ते-पाणी-वीज हे सगळेच उमेदवार देतात, निदान कागदावर तरी. यंदा प्रत्येकाने आपली वैयक्तिक तत्त्वं आणि मूल्यं स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून द्यावीत, आम्ही ती मोठी करून पेठेत लावू. छापील चालणार नाही, पी.ए.चं अक्षर चालणार नाही.

उमेदवारांची पंचाईत झाली. भाऊंनी म्हणे दोन दिवस घेतले. मग एका दुपारी त्यांचा पी.ए. शाळेत आला आणि माझ्या टेबलावर एक फुलस्केप ठेवून म्हणाला, "सर, भाऊंनी लिहिलंय. फक्त शुद्धलेखन बघा, तासाभराने नेतो."

आता माझं टेबल बघा. सहामाहीचे पेपर, नववी अ, नववी ब, दोन्ही गठ्ठे उघडे. भाऊंचा कागद वर ठेवला आणि तेवढ्यात मुख्याध्यापकांनी बोलावलं म्हणून उठलो. परत येऊन बसलो, पेन उचललं आणि सुरू झालो. चौदा वर्षांची सवय आहे. हात चालतो, डोकं घरी असतं. माझ्या डोक्यात त्या वेळी ती जागाच होती, खोटं कशाला सांगू.

कागदावर लिहिलं होतं, 'मी शब्दाचा पक्का आहे.' मी समासात लिहिलं, 'उदाहरण द्या.'

'मी जातपात मानत नाही. सर्व समाजांचे मी वेगवेगळे मेळावे घेतले आहेत.' मी खाली रेघ ओढली. 'विसंगती.'

'मला पदाचा लोभ नाही.' 'प्रश्न पुन्हा वाचा.'

'मी निर्व्यसनी आहे.' 'कधीपासून?'

पक्षनिष्ठेची एक ओळ होती, तिच्यात पक्षाचं नाव दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेलं. भाऊंचा तो तिसरा पक्ष होता, सवयीने जुनंच नाव येत असणार बिचाऱ्यांच्या हाताला. मी लिहिलं, 'खाडाखोड टाळा.' आणि शेवटी गोल करून दहापैकी तीन. त्याखाली, 'वरवरचे उत्तर. पालकांची सही आणा.'

एवढं करून तो पेपर गठ्ठ्याखाली सरकवला आणि पुढचा घेतला. पुढच्या पेपरावर नववी ब-मधल्या पोराचं नाव होतं. मग मनात आलं, मागच्यावर नाव का नव्हतं?

तो भाऊंचा होता! कागद काढून मॅडमपुढे धरला. त्यांनी वाचला. आधी डोळे मोठे झाले, मग पदर तोंडाला लावून त्या अशा हसल्या, की डबा खाणारे दोघं-तिघं मान वर करून बघायला लागले. "अरे देवा! सर, पालकांची सही? भाऊंना?" मी म्हणालो, "मॅडम, हसू नका, माझी नोकरी गेली." तेव्हा कुठे त्या थांबल्या. म्हणाल्या, "थांबा, असं करा. चहा सांडला म्हणून सांगा. पुन्हा लिहून मागा." किती साधा तोडगा! मी चहा आणायला उठलो, आणि घ्या! दारात पी.ए. उभा. त्याने टेबलावरून कागद उचलला, घडी घातली, खिशात टाकला. म्हणाला, "झालं का? बरं झालं, भाऊ वाट बघू राह्यलेत." मी काही बोलायच्या आत मोटारसायकल गेटबाहेर.

संध्याकाळी बोलावणं आलं. भाऊंच्या मळ्यात भरिताचा बेत होता. थंडी पडायला लागली की आमच्याकडे सोयरीक, समेट आणि निवडणूक, सगळं भरितावरच ठरतं. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर हिरवी लांब वांगी भाजत होती, पन्नासेक माणूस बसलेलं. मला भाऊंनी शेजारी बसवलं. ताट वाढलं. मी भाकरी नुसती कुस्करत बसलो.

भाऊंनी खिशातून कागद काढला. माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "सर, मना माय-बाप दोन्ही गयात. आते सही कोनी आनू?"

मला रडूच यायचं बाकी होतं. मी चुकून झालं, गठ्ठ्यात गेलं, असं काहीतरी पुटपुटलो. आणि भाऊ हसायला लागले. पोट धरून हसले, मग पन्नास माणसं हसली, कशाला हसतोय ते माहीत नसताना. हसणं आवरल्यावर ते डोळे बारीक करून जाळाकडे बघत राहिले. तो माणूस काहीही असेल, मठ्ठ नाही. "सर," ते म्हणाले, "उद्या बाजारातल्या सभेला या. पुढच्या रांगेत बसा. आणि जेवा आता, भरीत थंडं व्हई जायी."

दुसऱ्या दिवशी सभेला सगळा स्टाफ होता. कंपल्सरी. मॅडम महिला शिक्षकांच्या रांगेत बसल्या होत्या, मांडीवर पर्स आणि एसटीच्या वेळेकडे लक्ष. भाऊंनी रस्ते-पाणी उरकलं आणि तो कागद वर धरला. सगळं वाचून दाखवलं, माझे शेरे आवाज बदलून. 'प्रश्न पुन्हा वाचा'ला टाळ्या पडल्या. 'कधीपासून'ला शिट्ट्या. मग भाऊ म्हणाले, "बघा मंडळी! माझ्या संस्थेतला एक साधा मास्तर मला दहापैकी तीन गुण देतो, आणि अजून नोकरीवर आहे. दुसऱ्या उमेदवाराच्या संस्थेत हे होईल का? हे माझं तत्त्व. हेच माझं मूल्य!" कापडवाले शेठजीसुद्धा मान डोलवायला लागले.

मला वाटलं, संपलं एकदाचं, वाचलो. पण कुठलं! "सरांनी उदाहरण मागितलंय," भाऊ म्हणाले. "देतो. या बाजारात, सगळ्यांसमोर शब्द देतो. शाळेत जी अनुदानित जागा रिकामी आहे ती या सरांचीच! या वर, सर."

मला हाताला धरून वर नेलं. गळ्यात हार पडला. माईक पुढे आला. भाऊ हळूच म्हणाले, "दोन शब्द बोला."

दोन शब्द पुरे होते. 'मॅडम ज्येष्ठ आहेत.' मोजून तीन. त्या दिवशी भाऊंना नाही म्हणता आलं नसतं, हजारभर माणूस साक्षीला होतं. उलट भाऊंनी त्याच्याही टाळ्या घेतल्या असत्या. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या कळत होतं. मला मॅडम दिसत होत्या. त्या माझ्याकडेच बघत होत्या, चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती वाट बघत होत्या. आणि मी माईक धरून म्हणालो, "भाऊ शब्दाचे पक्के आहेत."

काय टाळ्या पडल्या! माझ्या भाषणाला एवढ्या टाळ्या आयुष्यात पडल्या नाहीत. घरी आलो तर आईने देवापुढे साखर ठेवलेली, बायको फोनवर माहेरी सांगत होती. मी स्वतःला म्हणालो, भाऊ निवडून आल्यावर कोण लक्षात ठेवतो, सगळेच उमेदवार देतात शब्द. गंमत बघा, भाऊंनी खोटं ठरावं म्हणून देव पाण्यात ठेवून बसलेला मी तालुक्यातला एकटाच मतदार असेन. आणि मत मी त्यांनाच दिलं.

भाऊ निवडून आले. आणि त्या माणसाने, तीन पक्ष फिरलेल्या त्या माणसाने, नेमका हा एक शब्द पाळला. महिन्याभरात पी.ए.चा फोन. "सर, प्रस्ताव तयार आहे. फक्त मॅडम तुमच्या वर आहेत ना, त्यांची लेखी ना-हरकत पाहिजे. त्यांच्याच हस्ताक्षरात. तेवढी तुम्हीच घ्या." मी म्हणालो, "संस्थेने मागावी." तो म्हणाला, "भाऊंनी मागितली तर दबाव दिसतो. तुम्ही तर एका टेबलावर बसता."

दोन दिवस मी नुसता कोरा कागद खिशात घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर टेबलावर ठेवला. मॅडमना सांगावं लागलं नाही. सभेपासून आम्ही चहा वेगवेगळा पीत होतो, पण असा कागद येणार हे त्यांना ठाऊक असणार. त्यांची नोकरीही भाऊंच्याच हातात, लेक जळगावला शिकायला. नाही म्हणून त्या जाणार कुठे? हे मला माहीत होतं. खरं सांगायचं तर त्याच भरवशावर मी गेलो होतो.

त्यांनी पर्समधून पेन काढलं. वर नाव, पद, तारीख लिहिली. मग थांबल्या.

"कारण काय लिहू?"

मी म्हणालो, "वैयक्तिक कारणास्तव, असंच लिहितात."

"कोणाच्या?" त्यांनी विचारलं.

बाहेर त्यांच्या एसटीची वेळ होत होती. त्या म्हणाल्या, "मी लिहिते सर, काळजी करू नका. फक्त लिहून होईपर्यंत समोरून उठू नका."

मी बसलो. त्या सावकाश लिहीत राहिल्या, आणि त्यांची एसटी गेली.