लोथारच्या सापांचं कपाट

जर्मनीतल्या हेर्ने गावात हायड्रूनला सगळे ओळखत ते बेकरीच्या काउंटरवरची बाई म्हणून, आणि तिच्या नवऱ्याला, लोथारला, सापवाला म्हणून. तो कामाला होता ती कोळशाची खाण बंद पडली तेव्हा लोथारने तळघरात साप पाळायला घेतले. सगळे बिनविषारी, तरी हायड्रूनला त्यांची शिसारी यायची. इतक्या वर्षांत ती तळघरात क्वचितच उतरली असेल; धुणंसुद्धा ती वरच वाळत घाली. लोथार स्वभावाने तिखट होता. तिने हातात स्क्रू ड्रायव्हर घेतला की तो काढून घ्यायचा. राहू दे, तुझं काम नाही ते, हे त्याचं ठरलेलं वाक्य.

मग त्याला पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. अगदी पूर्ण नाही. एक शब्द मागे राहिला. मंगळवार. पाणी हवं असलं तरी मंगळवार, उशी टोचत असली तरी मंगळवार. समजत मात्र त्याला सगळं होतं. बोलणं शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, काहींचं होतं असं, नेमका तोच शब्द का उरतो ते कुणालाच सांगता येत नाही.

जिने झेपेनात, म्हणून दोघं तळमजल्यावरच्या लहान घरात राहायला गेली. तिथे काचेच्या त्या अवजड पेट्या मावण्यासारख्या नव्हत्या. साप पाळणाऱ्यांच्या मंडळातला लोथारचा जुना मित्र एगॉन म्हणाला, मी सगळे माझ्याकडे नेतो. हायड्रूनला मनातून तेच हवं होतं. पण एगॉन बोलत असताना लोथारने डोळे घट्ट मिटले, आणि मिटलेल्या पापण्यांतून पाणी आलं. त्याला रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "त्यांच्यासाठी कपाट करते मी."

एगॉनने फोनवर सगळं समजावून सांगितलं. उभं कपाट, प्रत्येक कप्प्यात प्लॅस्टिकचा एक डबा, खणासारखा आत-बाहेर सरकणारा. डब्याला झाकण नसतं. वरची फळी हेच झाकण. मागून गरम होणारी पट्टी आणि ती जास्त तापू नये म्हणून एक छोटं यंत्र. हायड्रूनने दुकानातून पांढऱ्या फळ्या कापून आणल्या, स्वयंपाकघरात पसरल्या आणि कामाला लागली. लोथार चाकाच्या खुर्चीत बसून बघत होता. पहिला डबा फळीखाली इतका घट्ट बसला की तिला दोन्ही हातांनी ओढावा लागला. लोथारचा तर एकच हात चालत होता, तोही डावा. त्याला आपल्या हाताने डबा ओढता यावा म्हणून तिने फळ्या पुन्हा खोलल्या आणि थोड्या वर बसवल्या. आता डबे नुसत्या बोटाने सरकत होते. आपल्या कामाकडे बघून तिचं तिलाच बरं वाटलं.

लोथारने खुर्ची पुढे ढकलली. डबा आणि फळी यांच्यामधल्या फटीत त्याने डाव्या हाताचं बोट घातलं आणि म्हणाला, "मंगळवार."

"हो, छान सरकतोय."

"मंगळवार." त्याने बोट फटीतून इकडून तिकडे फिरवलं. आवाज चढला. "मंगळवार, मंगळवार!"

दिवसभर गुडघ्यांवर बसून हायड्रूनची कंबर धरली होती. त्या आवाजात तिला तळघरातला जुना लोथार ऐकू आला.

"जन्मभर एका खिळ्याला हात लावू दिला नाहीस," ती म्हणाली. "आता करतेय तर निदान गप्प तरी बस."

तो गप्प बसला. संध्याकाळी सूप भरवताना, रात्री अंग पुसताना, त्याच्या तोंडून तो एक शब्दसुद्धा निघाला नाही. तिला वाटलं, रुसलाय.

एगॉनने साप आणून डब्यांत सोडले आणि तो घाईतच निघून गेला. थोडे दिवस बरे गेले. मग एका सकाळी सर्वांत खालचा डबा रिकामा दिसला. नारिंगी कॉर्न स्नेक त्यात असायचा, अंड्यातून बाहेर आल्यापासून लोथारने वाढवलेला. हायड्रूनने हातमोजे चढवून कपाटामागे, शेगडीखाली, बुटांमध्ये शोधलं. साप कुठेच नव्हता. लोथार आरामखुर्चीत पडल्या पडल्या तिच्याकडे बघत होता. बटण दाबलं की मोटरवर वर येऊन माणसाला उभं करणारी ती खुर्ची होती. नाश्त्याची वेळ टळून गेलेली. तिने नेहमीसारखं बटण दाबलं. लोथारच्या घशातून आवाज आला, शब्द नव्हे, नुसता आवाज. खुर्ची मध्येच अडखळली आणि मग पुन्हा वर आली.

साप उबेला म्हणून मोटरपाशी जाऊन बसला होता आणि खुर्चीच्या लोखंडात चिरडून मेला होता. हायड्रूनने त्याला भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळलं. लोथारने हात पुढे केला, म्हणून ते फडकं तिने त्याच्या मांडीवर ठेवलं. दुपारपर्यंत त्याने ते कुणाला घेऊ दिलं नाही.

एगॉन आला आणि कपाटापुढे उकिडवा बसला. फटीत बोट घालून त्याने मान हलवली.

"यातून तर सहज निघेल तो. लोथारला कसं दिसलं नाही हे?"

हायड्रून फळीला धरून उभी होती.

"दिसलं होतं," ती म्हणाली. "त्याने सांगितलंही होतं."

एगॉनने पिशवीतून हातोडी काढली. त्याने प्रत्येक फळीच्या खालून पातळ प्लायवूड ठोकून दिलं आणि कॉफी न घेताच गेला. तिने लोथारची माफी मागितली. तो खिडकीबाहेर बघत राहिला. त्याने माफ केलं की नाही, ते तिला कळायला काही मार्गच नव्हता.

त्यानंतर ती त्याला काहीही विचारलं की थांबायची. सूप निवून जाईपर्यंत थांबायची. त्याच्या बोटाकडे, भुवईकडे, मान वळण्याकडे बघत राहायची. कधीकधी अर्थ लागायचा. बहुतेक वेळा लागायचा नाही, आणि मग दोघंही थकून जायची. डबे मात्र त्याने स्वतःच्या हाताने कधी ओढले नाहीत. ती एकेक डबा काढून त्याच्यापुढे धरायची. तो बघायचा, कधी तोंड फिरवायचा.

पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनिया होऊन तो इस्पितळात गेला. नळ्या लावलेल्या, तोंडावर मास्क. शेवटी त्याला काही सांगायचं होतं का, ते नर्सलाही माहीत नव्हतं. हायड्रून पोहोचली तेव्हा त्याचा हात अजून कोमट होता.

दफनानंतर एगॉनने पुन्हा विचारलं, नेऊ का आता? ती नको म्हणाली. सापांची शिसारी तिला आजही येते. हातमोज्यांशिवाय ती त्यांना हात लावत नाही. गोठवलेले उंदीर ती कोमट पाण्यात सोडते, मऊ झाले की चिमट्याने एकेका डब्यात ठेवते, आणि सापांचं खाऊन होईपर्यंत बाजूला तोंड करून बसते. मग प्रत्येक डबा आत सरकवते आणि फळीखाली फट राहिली नाही ना, ते बोट फिरवून बघते.